शनिवारी तू गाडीतच बस

टीम माझ्यामुळे हरते, हे मला रवींद्रकाकांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की पहिल्यांदा मला वाटलं, ते मला काहीतरी खायला देतायत.

"स्वानंदी, बाळा, आज तू गाडीतच बस हं."

माझा एक पाय गाडीबाहेर होता. एका हातात आइस्क्रीमचा रिकामा दोन लिटरचा डबा, दुसऱ्या हातात आईचं जुनं लाटणं. म्हणजे पूर्ण तयारीत होते मी.

"का?"

"अगं, तू डिसेंबर-जानेवारीत पुण्याला होतीस, तेव्हा आपण एकही मॅच हरलो नाही. तू आलीस आणि लागोपाठ तीन गेल्या. मी काही म्हणत नाही हं. पण आज हरलो तर प्लेऑफ विसरा. मग चान्स कशाला घ्यायचा?"

मी बाबाकडे पाहिलं. बाबा डिकीत डोकं घालून काहीतरी शोधत होता. डिकीत दोन फोल्डिंगच्या खुर्च्या आणि पाण्याचा कॅन, एवढंच सामान होतं, पण त्याला ते सापडतच नव्हतं.

"बाबा?"

"फक्त आजच गं," तो डिकीतूनच म्हणाला. "गंमत म्हणून. काकांचा मान ठेव."

आता ही टीम कुठली ते सांगते. कोतारे क्लब, पापाकुरा, सतरा वर्षांखालच्या मुली, सॉफ्टबॉल. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. चेंडू जरा मोठा, पिचर हात खालून फिरवून टाकते, आणि नऊच्या ऐवजी सात इनिंग्ज. रवींद्रकाकांची मुलगी ओवी, माझी बेस्ट फ्रेंड, या टीमची शॉर्टस्टॉप. म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे उभी राहते आणि तिथून जाणारा प्रत्येक चेंडू अडवते. टीममध्ये मराठी ती एकटीच. पण तिच्यापायी क्रिकेटशिवाय आयुष्यात काहीही न बघितलेली पाच-सहा मराठी घरं दर शनिवारी खुर्च्या, थर्मास आणि सनस्क्रीन घेऊन ग्राउंडवर येऊन बसायला लागली. आणि त्यांना हा गेम शिकवला कोणी? मी! "काका, तो रन आउट नाही, फोर्स आउट." "मावशी, चौथा बॉल बाहेर गेला की ती चालत बेसवर जाते, तिला लागलं नाहीये." एक अख्खा सीझन मी हे केलंय.

अजून एक. चार वर्षांपूर्वी मी इथे आले तेव्हा वर्गात हजेरीला इतक्या हळू "येस" म्हणायचे की मिस मला गैरहजर लावायच्या. मी मोठ्यांदा पहिला शब्द काढला तो या ग्राउंडवर. ओवी बॅटिंगला होती, दोन स्ट्राइक झाले होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हाण, ओवी, हाण!" ओवीनं हाणला. पुढच्या इनिंगला डगआउटमधल्या सगळ्या पोरी ओरडत होत्या, "हाण! हाण!" माओरी, सामोअन, गोऱ्या, सगळ्या. आता कोच हुइयासुद्धा तेच ओरडते आणि अर्थ विचारत नाही. त्या सीझननंतर मी शाळेत डिबेटला उभी राहिले. माझा आवाज मला या ग्राउंडवर सापडला. आणि आता तिथेच मला काच वर करून बसायला सांगत होते.

बरं, तीन मॅच हरलो त्याचं कारण कुणालाही कळलं असतं. आमची पिचर टियाना. जानेवारीत तिच्या आईवडिलांनी सामान बांधलं आणि सगळे ब्रिस्बेनला गेले. इथून सगळेच कधी ना कधी ब्रिस्बेनला जातात. टियाना गेली, तिच्या जागी आलेल्या पोरीचा हात अजून बसायचाय, म्हणून हरलो. पण नाही! कारण मी! टियानानं समुद्र ओलांडला त्याचं काही नाही, मी विमानातून उतरले हे वाईट.

तर मी बसले गाडीत. का बसले? फक्त आजच, असं बाबा म्हणाला म्हणून. आणि मी बाहेर गेले असते आणि खरंच हरलो असतो, तर सगळ्यांनी वळून माझ्याकडेच पाहिलं असतं, म्हणून.

फेब्रुवारीतलं, म्हणजे इथलं भर उन्हाळ्यातलं ऊन. सीट तापलेली, जांडल्स, म्हणजे रबरी चपला, पायाला चिकटत होत्या. ग्राउंड क्लब हाउसच्या पलीकडे, दिसत काहीच नाही. फक्त आवाज. मधेच "होऽऽ" व्हायचं, पण कुणाचं, ते कळायचं नाही. कुणीतरी टाळ्या वाजवायचं आणि मी ठरवायचे, ही आपलीच टाळी, आमच्या मराठी घोळक्यातल्या विभावरीमावशीची टाळी अशी चपटी वाजते. एकदा तर मी डबा वाजवायला घेतला होता. मग लक्षात आलं, गाडीत एकटी डबा वाजवणारी मुलगी कशी दिसेल. ठेवून दिला.

शेवटी मोठा आवाज झाला, खूप वेळ टिकला, आणि रवींद्रकाका पोटावरचा कॅमेरा हलवत पळत आले. काचेवर थापा मारल्या.

"जिंकलो! जिंकलो पोरी! तुझ्यामुळे!"

"माझ्यामुळे? मी गाडीत होते काका."

"तेच तर!"

मग सगळे आले. माझ्या हातात गरम चिप्सचं पुडकं दिलं, पाठीवर थापा दिल्या, विभावरीमावशीनं माझी दृष्टच काढली हवेतल्या हवेत. "गुणी गं बाई." बाबाही हसत होता. सेमीफायनल! आठ टीममधल्या चार गेल्या, त्यात आपण! शेवटच्या इनिंगला ओवीनं होम रन मारला, दोन रन आले, हे मला कळलं ते या सगळ्या गडबडीत, अर्ध्या वाक्यात.

ओवी सगळ्यांच्या मागे, बॅटची बॅग खांद्यावर घेऊन उभी होती.

"ओवी! होम रन!" मी ओरडले.

"तू कुठे पाहिलास?" ती इंग्लिशमध्ये म्हणाली, आणि जाऊन त्यांच्या गाडीत बसली. मला वाटलं, दमली असेल.

*

फक्त आजच, असं कोण म्हणालं होतं? तो आठवडा बघा.

रविवारी विभावरीमावशीचा फोन. "शनिवारी गाडीतच ना गं? शहाणी मुलगी. गाडी त्याच जागी लावायला सांग बाबांना, त्या झाडाखाली." मी म्हटलं, मावशी, तुम्ही हॉस्पिटलमध्ये फार्मसी चालवता ना? त्या खूप हसल्या. "अगं, औषधं वेगळी आणि हे वेगळं!"

रवींद्रकाका पेनरोजला एका फॅक्टरीत मशीनं डिझाइन करतात. त्यांनी बसण्याचा नकाशाच ठरवला. बाबा डावीकडच्या टोकाला, कारण गेल्या वेळी तो तिथे होता. मावशींनी तोच निळा ड्रेस घालायचा. आईनं तोच शिरा करून आणायचा, केळं घातलेला. इनिंग चालू असताना कुणीही उठायचं नाही, चहा नाही, टॉयलेट नाही. मी गाडीत. प्रत्येकाला काहीतरी करायचं होतं. मला फक्त नसायचं होतं.

मी बाबाला म्हटलं, "तू दिवसभर कंप्युटरवर काय करतोस? प्रोग्राम बिघडला की कारण शोधतोस ना? की ऑफिसमधल्या कुणाला तरी गाडीत बसवतोस?"

"लॉजिक नाहीये, मान्य," बाबा म्हणाला. "पण तुझं जातंय काय? तासा-दोन तासांचा प्रश्न. सगळ्यांचं मन राहतं. चान्स कशाला..."

मी दार आपटलं. दोनदा. पहिल्यांदा नीट आपटलं गेलं नव्हतं.

मला एकीची खात्री होती. सोमवारी लंचला मी ओवीला गाठलं. ती फील्डच्या कडेला बसून सँडविचच्या कडा तोडत होती. मी तिला सगळं भडाभडा सांगितलं, मावशीचा फोन, नकाशा, निळा ड्रेस. म्हटलं, आता ही हसून लोळेल.

ओवी हसली नाही. तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र ती इंग्लिशमध्येच देते. "मग बस ना गाडीत," ती म्हणाली. "यू आर द लकी वन."

"काय?"

"सगळे म्हणतायत ना. बस. स्वीट अॅज, नो प्रॉब्लेम."

"ओवी, तुला खरंच वाटतं का मी पनवती आहे?"

तिनं खांदे उडवले. सँडविच तसंच डब्यात टाकलं आणि उठून गेली.

खांदे! मी तिच्यासाठी घसा फोडलाय, एकदा तर दोन दिवस आवाज बसला होता माझा, आणि ही खांदे उडवते. त्या आठवड्यात मी तिला बेबो साइटवरच्या माझ्या टॉप फ्रेंड्समधून काढून टाकलं. परत घातलं. परत काढलं. जेवढी काकांवर चिडले नव्हते तेवढी तिच्यावर चिडले होते. काकांचं काय, त्यांना सवय आहे, क्रिकेट बघतानासुद्धा ते बाबाला एका पायावर उभं करतात. पण ओवी?

शुक्रवारी शाळेतून येताना मी कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घ्यायला थांबले. तिथे काका आणि विभावरीमावशी दोघंही. काकांनी मला बघितलं आणि हात पसरून दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले, "आली! आमची पांढऱ्या पायाची आली! उद्या गाडीत, काय?"

मावशी हसल्या. मीसुद्धा हसले, कारण मला त्याचा अर्थच माहीत नव्हता.

*

आई शिऱ्यासाठी रवा भाजत होती. बाबा अजून यायचा होता. मी दुधाची बाटली फ्रिजमध्ये ठेवली आणि विचारलं, "आई, पांढऱ्या पायाची म्हणजे काय गं?"

तिचा हात थांबला.

"कुठे ऐकलंस?"

"रवींद्रकाका मला म्हणाले. डेअरीत. चांगलं असतं ना? हसत होते."

आईनं गॅस बंद केला. आमच्या घरात रवा भाजताना गॅस बंद होत नाही, भूकंप झाला तरी नाही.

"हसतच म्हणतात," ती म्हणाली. "मला म्हणाले होते तेव्हाही हसतच म्हणाले होते."

"तुला?"

मग तिनं सांगितलं. ओट्याला टेकून, माझ्याकडे न बघता. लग्न होऊन ती घरात आली आणि दुसऱ्या महिन्यात आजोबांच्या पिंपरीच्या कंपनीला टाळं लागलं. मालक आणि युनियनचं वर्षभर चाललेलं भांडण होतं, पेपरात रोज येत होतं. पण बाबाची आत्या चहा पिता पिता म्हणाली, पांढऱ्या पायाची दिसते सून, आणि सगळे हसले. आईसुद्धा हसली. त्यानंतर घरातलं कुणी चांगल्या कामाला निघालं, इंटरव्ह्यू असो, मुलगी बघायला जायचं असो, की आईनं स्वयंपाकघरात थांबायचं. ते फाटकाबाहेर पडेपर्यंत.

"कुणी सांगितलं तुला तसं?"

"पहिल्यांदा आत्यांनी सांगितलं. मग कुणाला सांगावंच लागलं नाही, मीच जाऊन बसायचे. मला पण वाटायला लागलं होतं, उगाच चान्स कशाला घ्या."

"किती दिवस?"

"आपण इकडे येईपर्यंत."

मी हिशोब केला नाही. मला करायचाच नव्हता. माझे कान गरम झाले होते. "आणि बाबा? बाबा काय म्हणाला?"

आई आता माझ्याकडे बघून हसली, पण ते हसू काही बरोबर नव्हतं. "बाबा म्हणाले, गंमत आहे गं."

मला त्या क्षणी काय फेकायचं होतं माहितीये? सगळं. कढई, डबे, फ्रिजवरची मॅग्नेट्स. मी म्हटलं, "तू मग मागच्या शनिवारी का नाही काही बोललीस? मी गाडीत बसले होते आई! तू समोरून चालत गेलीस! हातात शिऱ्याचा डबा घेऊन!"

"हो," आई म्हणाली. एवढंच. मग तिनं परत गॅस लावला, रवा भाजला, दूध घातलं, साखर, केळं, वेलची. शिरा झाला. तिनं दोन वाट्या काढल्या.

"तो उद्याचा आहे ना?"

"बस," आई म्हणाली. "खा."

आम्ही तो अख्खा शिरा खाल्ला. बारा जणांचा शिरा! मला शेवटी शेवटी मळमळायला लागलं होतं, पण मी थांबले नाही. बाबा आला तेव्हा आई कढई घासत होती.

"झाला का शिरा?" बाबा म्हणाला.

"झाला आणि संपला."

"संपला? आणि उद्या?"

"उद्या स्वानंदी माझ्याशेजारी बसणार आहे. बाकावर." आईनं कढई पालथी घातली. "आणि तुम्हाला त्यात गंमत वाटत असेल तर तुम्ही बसा गाडीत. झाडाखाली."

मग बाबाला कळलं की हे सॉफ्टबॉलचं नाहीये. तो हळूच खुर्चीवर बसला. मला त्याची दया यायला हवी होती बहुतेक. नाही आली.

*

सेमीफायनल हेन्डरसनच्या टीमशी होती. आम्ही पोचलो तेव्हा सगळे आपापल्या ठरलेल्या जागी होते, निळा ड्रेससुद्धा. आईनं माझा मनगटापाशी हात धरला होता, लहान मुलीचा रस्ता ओलांडताना धरतात तसा, आणि सरळ बाकाच्या मधोमध नेऊन बसवलं.

रवींद्रकाकांनी आधी मला बघितलं, मग आईला, मग तिच्या रिकाम्या हातांना.

"वहिनी, शिरा?"

"संपला."

"आणि ही...?"

"ही मॅच बघायला आलीये."

"नाही, ते ठीकच आहे, पण आपलं ठरलं होतं ना..."

"तुमचं ठरलं होतं, भाऊजी. आम्ही कुठे होतो?"

काका बाबाकडे वळले. बाबा डावीकडच्या टोकाला बसला नव्हता. तो आमच्या मागून आला आणि आईच्या पलीकडे बसला. मान खाली. मी त्याला अजून माफ केलं नव्हतं, पण सरकून जागा दिली.

विभावरीमावशी दुसरीकडे बघून पुटपुटल्या, "मुलीचे वर्षभराचे कष्ट आहेत हो, जरा ऐकलं असतं तर..." मी लाटणं उचललं आणि डब्यावर असं हाणलं की त्यांचं वाक्य तिथेच राहिलं.

मी त्या दिवशी ओरडले! सॉरी नाही, लाज नाही. ओवीवर चिडलेली होते तरी ओरडले, टीम काय एकट्या तिची आहे? पहिल्या इनिंगला डगआउटमधून कुणीतरी माझा आवाज ऐकून वळलं आणि "हाऽऽण!" असं परत आलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. आम्ही चौथ्या इनिंगपर्यंत चार-एकनं पुढे होतो. काका माझ्याकडे बघतही नव्हते, पण सुरुवातीपासून हलणारा त्यांचा गुडघा थांबला होता. नवीन पिचर पोरगी काय टाकत होती! मग सहाव्या इनिंगला त्यांनी दोन रन काढले. चार-तीन.

सातवी इनिंग. शेवटची. ते बॅटिंगला. दोन आउट झाल्या. एक आउट हवा, फक्त एक, की आम्ही फायनलला. सेकंड आणि थर्ड बेसवर त्यांच्या दोन पोरी पळायच्या तयारीत. बाकावर कुणी श्वास घेत नव्हतं. मीसुद्धा ओरडायची थांबले.

चेंडू आला, तिनं मारला. जमिनीवरून, सरळ ओवीकडे. रोजचा चेंडू! ओवी असे चेंडू झोपेत उचलते आणि फर्स्टला फेकते. मी उठून उभीसुद्धा राहिले, जिंकलो म्हणून.

चेंडू ग्लोव्हखालून गेला. तिच्या पायांमधून, मागच्या गवतात. एक पोरगी होम बेसवर आली. दुसरी आली. चार-पाच.

संपलं.

तिकडे त्या सगळ्या एकमेकींवर उड्या मारत होत्या. ओवी वाकलेलीच राहिली, ग्लोव्ह जमिनीला लावून, आता लावून काय उपयोग. आणि आमच्या बाकावरची सगळी डोकी, मला माहीत होतं, मी मोजून सांगितलं असतं, सगळी डोकी एकदम माझ्याकडे वळली.

"सांगत होतो," रवींद्रकाका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, खरंच भरले होते, म्हणून मला जास्त राग आला. "सांगत होतो मी. एक दिवस. एक दिवस गाडीत बसली असती तर काय बिघडलं असतं? माझ्या पोरीचं सगळं..."

"भाऊजी!" आई उठली.

"नाही वहिनी, आज बोलू द्या मला. हट्ट कशासाठी? सांगा ना, कशासाठी?"

"पप्पा."

ओवी कुंपणाच्या जाळीपलीकडे उभी होती. कधी आली कळलं नाही. चेहऱ्यावर धूळ, त्यातून घामाचे की कसले ओघळ.

"दॅट वॉज माय बॉल," ती म्हणाली.

"हो बाळा, तुझा काही दोष नाही, ही..."

"माझा आहे!" ती किंचाळली. मराठीत. मी तिला इतकं मराठी बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. "माझा दोष आहे! मी ग्लोव्ह खाली नाही लावला! हुइया सांगते रोज, खाली, खाली, मी नाही लावला! तिनं काय केलं? ती तिकडे बसली होती! मी मिस केला, पप्पा, मी! तो पण तुम्ही तिला देणार?"

"अगं, मी तुझ्याच बाजूनं..."

"होम रन पण तिला दिला!" जाळीला दोन्ही हातांनी धरून ती हलवत होती. "मागच्या शनिवारी मी मारला! दोन स्ट्राइक होते! तुम्ही विचारलं, ओवी, कसा मारलास? नाही विचारलं! तुम्ही गाडीकडे पळाला! ऑल वीक सगळे तिला फोन करतात. मला एक नाही. मग मी कशाला खेळते? तिला बसवा ना गाडीत, आणि आम्ही नऊ जणी पण घरी जातो!"

मावशींनी निळ्या ड्रेसची ओढणी हातात गोळा केली.

आता तुम्हाला वाटेल मी जाळीपाशी जाऊन तिला मिठी मारली. अजिबात नाही. माझं डोकं अजून जास्त फिरलं.

"आणि मला का सांगितलंस मग गाडीत बस म्हणून?" मी ओरडले. "सोमवारी! खांदे उडवलेस! मला वाटलं तूसुद्धा..."

"कारण मला राग आला होता!"

"मग त्यांच्यावर काढायचा! माझ्यावर कशाला?"

"तू बसलीस ना पण!" ओवी म्हणाली. "त्यांनी सांगितलं आणि तू बसलीस! तू भांडली नाहीस! तुझा एवढा मोठा आवाज, आणि तू काच वर करून बसलीस! मी बॅटिंगला गेले आणि तिकडे कोणी नव्हतं. कोणी हाण नाही म्हटलं. यू जस्ट सॅट देअर."

मी तिच्याकडे बघत राहिले, ती माझ्याकडे, दोघी रडत आणि दोघी चिडलेल्या, मधे जाळी. मला कुणाचा जास्त राग आला होता ते मला आजही नीट सांगता येत नाही. काकांचा, बाबाचा, बाबाच्या त्या आत्याचा, ओवीचा, की गाडीतल्या माझा.

कोच हुइया बॅटांची पिशवी ओढत आली. आमच्याकडे, आमच्या मोठ्यांकडे, परत आमच्याकडे पाहिलं.

"किया ओरा, एव्हरीवन," तिनं माओरीत नमस्कार केला. "कुणाला अजून ओरडायचं असेल तर उद्या सकाळी या. तिसऱ्या नंबरची मॅच आहे. ओवी, तू लवकर ये. तुला जमिनीवरून जाणारे शंभर ग्राउंडर्स मारणार आहे मी."

*

ती मॅचही आम्ही हरलो. आधीच सांगून टाकते. चौथा नंबर, चांगल्या मोठ्या फरकानं.

पण ते नंतर. सकाळी आम्ही गेलो तेव्हा बाक जवळजवळ रिकामा होता. विभावरीमावशी आल्या नाहीत, बाकीचेही नाहीत, तिसऱ्या नंबरसाठी रविवारची झोप कोण मोडतो? आई होती, बाबा होता. मी मधोमध बसले. ओवी आधीपासून मैदानात होती, गुडघे मातीनं माखलेले, हुइया तिच्यावर चेंडूमागून चेंडू मारत होती. ओवीनं मला बघितलं. हात केला नाही. मीही केला नाही. तिनं फक्त ग्लोव्ह जरा जास्तच जोरात जमिनीला लावला, मला दिसेल असा.

रवींद्रकाका उशिरा आले. बाकाच्या पाठीमागे उभे राहिले. टोपी हातात घेतली, घातली, परत काढली.

"स्वानंदी," ते म्हणाले. "मी कुठे बसू?"

म्हणजे सॉरी नाही. कुठे बसू!

"कुठेही बसा काका," मी मागे न बघता म्हटलं. "त्यानं काही होत नाही."

ते आईपासून जरा लांब, टोकाला बसले. पहिली इनिंग सुरू झाली. तिसऱ्याच बॉलला चेंडू जमिनीवरून ओवीकडे निघाला, कालच्यासारखाच, तसाच वाकडातिकडा उसळत. ओवी खाली बसली, अगदी खाली, उचलला, फेकला. आउट!

मी किंचाळले. आईनं टाळी वाजवली. काका ताडकन उठून उभे राहिले आणि आनंदानं माझ्याकडे वळले. "बघितलंस? बरं झालं मी या टोकाला..."

"काका!"

मी इतक्या जोरात ओरडले की खेळ थांबला. अंपायरनं वळून बाकाकडे पाहिलं. ओवीनंही पाहिलं. काका अर्धे उभे, अर्धे बसलेले. अंपायर थोडा वेळ तसाच थांबला, कुणीतरी सॉरी म्हणेल अशा हिशोबानं.

मी म्हटलं नाही.